'बायानिहान'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : फिलिपिन्समधल्या लागुना प्रांतात मी शाळेत स्वयंसेवक म्हणून काम करते. इथले अनुभव मराठीत लिहिताना 'बायानिहान'पाशी अडले आहे. बांबूचे आणि निपाच्या झावळ्यांचे घर हलवायचे असले की गावकरी खाली बांबू घालून अख्खे घरच खांद्यावर घेत. मजुरी नाही, घरवाल्याने सगळ्यांना जेवू घालायचे. आता घरे सिमेंटची झाली, तरी शब्द जिवंत आहे. शाळा उघडण्याआधी 'ब्रिगादा एस्क्वेला' असते (शिक्षण खात्याने २००३ मध्ये सुरू केलेली). पालक बाके ठोकतात, भिंती रंगवतात. त्यालाही बायानिहानच म्हणतात. 'श्रमदान' चालेल का?

प्रतिसाद : 'सहकार्य' लिहा, सगळ्यांना कळेल.

प्रतिसाद : कळेल, पण घर उचलणारे खांदे त्यात दिसणार नाहीत. 'श्रमदान'ही नको. दान म्हटले की देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा होतो, शिवाय त्याला सरकारी फलकाचा वास आहे. आपल्या शेतकऱ्यांकडे याहून नेमका शब्द आहे : इर्जिक. एखाद्याची नांगरट मागे पडली की गाव आपापले बैल-नांगर घेऊन त्याच्या शेतात उतरायचे, दिवसात रान उलथून द्यायचे आणि त्याच्याकडे जेवून घरी जायचे. मजुरी नाही, जेवण आहे, गाव आहे, सगळे जुळते. 'सावड' जवळची, पण तिच्यात परतफेडीचा हिशोब असतो : आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. जुन्नर-आंबेगावकडची 'पडकई'ही याच कुळातली.

एक फरक मात्र राहतो. बायानिहानचे नाते 'बायान' म्हणजे गाव, देश आणि 'बायानी' म्हणजे वीर, या दोन्ही शब्दांशी सांगतात. त्यामुळे तो शब्द शेताबाहेर पडून राष्ट्राचा झाला; २०२० मध्ये तिथल्या कोरोनाविषयक कायद्याच्या नावातही आला. इर्जिक बांधावरच राहिली. म्हणून मूळ शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'आपल्या इर्जिकीसारखी' एवढे जोडा.

प्रश्नकर्ती : इर्जिक! आजोबांच्या तोंडी ऐकला होता. मनापासून आभार. आता आणखी एक. तागालोगमध्ये 'कामी' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, आणि 'तायो' म्हणजे त्याला धरून आपण. सुरुवातीला शिक्षिका मला शाळेबद्दल सांगताना 'आमची' म्हणत. ब्रिगादाच्या दिवशी, हाताला रंग लागलेला असताना, एकीच्या तोंडून 'एस्क्वेलाहान नातिन' आले : आपली शाळा. इंग्रजीत हे लिहिताच येत नाही, मराठीत एका शब्दात येते.

प्रतिसाद : फिलिपिनो मानसशास्त्राची मांडणी करणारे विर्हिलियो एन्रिकेझ माणसांशी वागण्याचे दोन मोठे गट करतात : 'इबांग ताओ' म्हणजे परका आणि 'हिंदी इबांग ताओ' म्हणजे परका नसलेला (इथे 'हिंदी' म्हणजे 'नाही'). तुमच्या शिक्षिकेने त्या एका शब्दाने तुमचा गट बदलला. हा प्रसंग लेखात हवाच. आणि जेवत असताना कुणी दारावरून गेले की तिथे 'काइन तायो' म्हणतात, ते कसे लिहिणार आहात?

प्रश्नकर्ती : शब्दशः 'चला, जेवू या'. पण मी 'या जेवायला' लिहीन. कोकणात माझी आत्या ओटीवरून अगदी तसेच म्हणते, आणि येणारा बहुतेक वेळा 'होऊ द्या' म्हणून पुढे जातो. इथेही तसेच होते.