मदत हवी आहे : एक बेस लावला तर छाती हलते, दोन लावले की बेस गायब

जिंतूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. सोयाबीनचे पैसे हातात आले तसं चुलतभावानं आणि मी मिळून एक जुना डीजे सेट घेतला. मोठ्या वरातीच्या ऑर्डरी आमच्या आवाक्यातल्या नाहीत. हळद, बारसं, वाढदिवस एवढंच धरायचं ठरवलंय.

सामान असं आहे : १५ इंची टॉप (गाण्याचा वरचा आवाज देणारे डब्बे) दोन, १८ इंची सिंगल बेस (खालचा धमक आवाज देणारे) दोन, चारही ८ ओमचे. मशीन (अ‍ॅम्प्लिफायर) एक, दोन चॅनलची, मागं किमान ४ ओम लिहिलंय, म्हणजे त्याखालचा लोड द्यायचा नाही. कंट्रोलरच्या (गाणी मिक्स करायच्या बोर्डाच्या) मास्टरमधून सरळ मशीनला आणि एकेका चॅनलवर एक टॉप, एक बेस.

परवा भावकीतल्या हळदीला एका बेसचा स्पीकॉन (केबलचा फिरवून बसवायचा प्लग) ढिला होऊन निघाला होता, आमच्या ध्यानात नव्हतं. तरी आवाज दणदणीत. पोरं नाचू लागली. मग कुणीतरी म्हणालं, अरे दुसरा डब्बा मुका आहे. स्पीकॉन फिरवून बसवला, तर होता तो बेसही गेला! एकेकटा लावला तर दोन्ही ठणठणीत. दोन्ही मिळून लावले की नुसतं डबडं वाजल्यासारखं.

गावातल्या एका जाणत्यानं सांगितलं, मशीन ब्रिज कर, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एकच कर. टॉप मंडपवाल्याच्या छोट्या मशीनवर टाकले, आमची ब्रिज करून दोन्ही बेस तिच्यावर दिले. पाच मिनिटांत लाल दिवा लागून मशीन बंद. थंड झाली की चालू, परत बंद. नवरीच्या मामानं शेवटी हलगीवाल्यांना बोलावलं. लै लाज गेली.

आता दुसरी मशीन आणि एक क्रॉसओव्हर (टॉप आणि बेसचा आवाज वेगळा करणारा डबा) आणलाय. रविवारी अजून एक हळद आहे. जोडायचं कसं, सांगा.

मोकळा_हात

भाऊ, मशीन छोटी पडू लागलीय. डबल पॉवरची घे, सगळं सुरळीत होतंय.

उदगीर_साउंड

वरच्या भाऊचं ऐकून पैसे घालू नको. मशीन छोटी असती तर एका बेसनंही छाती हलली नसती.

तुझे दोन्ही बेस एकमेकांच्या उलटे चालू लागलेत. एकाचा कोन (स्पीकरचा पुढचा पडदा) बाहेर येतो त्याच वेळी दुसऱ्याचा आत जातो. एक हवा ढकलतो, दुसरा तीच ओढतो, ऐकणाऱ्याच्या वाट्याला काय राहणार? कुठंतरी प्लस-मायनस उलटं झालंय. जागा चारच : स्पीकॉनच्या केबलमध्ये, सिग्नलच्या एक्सएलआर केबलच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये (२ आणि ३ नंबरची पिन अदलाबदल झालेली), मशीनच्या मागं, नाहीतर डब्ब्याच्या आत.

शोधायला एक पेन्सिल सेल पुरतो. बेसची जाळी काढ. केबलचं मशीनकडचं टोक सोडवून स्पीकॉन उघड. सेलचा प्लस १+ ला, मायनस १- ला, क्षणभरच टेकव. कोनावर अलगद बोट ठेवलं की कळतं, बाहेर येतो का आत जातो. दोन्ही डब्ब्यांना असंच कर, केबल तीच ठेव. मग दुसरी केबल घेऊन परत कर. जुन्या जेबीएल कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये (डब्ब्यातल्या स्पीकरमध्ये) लाल टर्मिनलला प्लस दिला की कोन आत जायचा, म्हणून नुसत्या लाल रंगावर विसंबू नको. दोघं एकाच दिशेला गेले पाहिजेत, एवढंच बघ.

ब्रिजचं म्हणशील तर मशीननं जळून जाण्याऐवजी स्वतःला वाचवलं, तिचे आभार मान. ८ ओमचे दोन बेस एकत्र जोडले की ४ ओम होतात. ब्रिजमध्ये तो लोड दोन चॅनलांत वाटला जातो, म्हणजे एकेकाला २ ओम दिसतो. किमान ४ वाल्या मशीनला ब्रिजवर ८ ओमचा एकच बेस चालतो.

आता नवी जोडणी. कंट्रोलरच्या मास्टरचं लेफ्ट-राइट क्रॉसओव्हरच्या दोन्ही इनपुटला. क्रॉसओव्हरचं हाय आउटपुट टॉपच्या मशीनला, लो आउटपुट बेसच्या मशीनला. दोन्ही मशीन स्टिरिओवर, एका चॅनलवर एकच डब्बा. क्रॉसओव्हरचं मागचं बटण स्टिरिओ टू-वेवर पाहिजे. बऱ्याच क्रॉसओव्हरना फ्रिक्वेन्सी दहापट करायचं एक बारीक बटण असतं. ते चुकून दाबलेलं राहिलं की १०० चे १००० हर्ट्झ होतात आणि बेसमधून गाणं ऐकू येतं. ते सुटं ठेव आणि १०० हर्ट्झच्या आसपास सुरुवात कर. १५ इंची टॉप तिथून वर आरामात चालतात, आणि खालचं ओझं गेल्यानं त्यांचा आवाजही मोकळा होतो.

सेनगाव_वायरमन

उदगीरवाल्या दादांनी सगळं सांगितलं, करंटचं तेवढं मी सांगतो. हळदीत मेन कुठून घेता? आकडा टाकून, का शेतातल्या थ्री फेजवरून? न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ४०० पर्यंत व्होल्ट येतात आणि क्रॉसओव्हर, कंट्रोलर, लॅपटॉपचा चार्जर एका दमात जातात. मीटर लावून बघितल्याशिवाय प्लग घालायचा नाही. जनरेटर असला तरी तेच.

लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर घुर्र आवाज आला तर चार्जर काढून बघ. आवाज गेला तर लॅपटॉप आणि मशीन एकाच बोर्डावर घे, तरी राहिला तर सिग्नलला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लाव. अर्थिंगची पिन मात्र तोडायची नाही. आमच्या भागात हा उपाय सर्रास करतात आणि मग डब्ब्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

जिंतूरचा_पोरगा

दादा, सापडलं!

काल दुपारी अंगणात दोन्ही बेस पालथे… म्हणजे उताणे टाकले, कोन आभाळाकडं. आजी ज्वारी निवडत बसली होती. पहिल्याला सेल लावला, कोन बोटाला टेकला. दुसऱ्याला लावला, बोटाखालून सरकला. केबल बदलून बघितली, तेच. दुसऱ्याचा ड्रायव्हर काढला तर आधीच्या मालकानं कॉइल बदलून घेतलेली दिसली, सोल्डरचा डाग अजून चकचकीत आहे, आणि परत बसवताना वायरी उलट्या लावलेल्या. दोन मिनिटांचं काम निघालं राव, आणि आम्ही रात्रभर मशीनला शिव्या घालत होतो.

तुम्ही सांगितलं तसंच सगळं जोडलं. दहापटीचं बटण खरंच दाबलेलं होतं, टोकदार होतं, नखानं काढावं लागलं. मग दोन्ही बेस एकत्र लावले तर आतल्या मांडणीवरचे स्टीलचे डबे वाजायला लागले. आजी सूप घेऊन उठली आणि म्हणाली, बंद कर मेल्या, गाय भेदरली.

एक विचारायचं राहिलं. मंडपात बेस दोन्ही बाजूला ठेवावेत का एकत्र?

उदगीर_साउंड

आजीला नमस्कार सांग. तिचा कान तुझ्या चुलतभावापेक्षा बरा दिसतोय.

बेस एकत्र, मधोमध, जमिनीवर. ६० हर्ट्झची लाट साडेपाच-सहा मीटर लांब असते. दोन टोकांना ठेवलेस की मधल्या लोकांना बेस जास्त, बाजूच्यांना कुठं कमी कुठं जास्त, असे पट्टे पडतात. टॉप दोन्हीकडं स्टँडवर, माणसांच्या डोक्याच्या वर. कंट्रोलरवर लाल दिवा लागू द्यायचा नाही, नाचणारे कितीही ओरडले तरी. फाटका सिग्नल गेला की आधी टॉपमधल्या हॉर्नचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) जातो आणि तो खिशाला लागतो.

चालू करताना आधी कंट्रोलर, मग क्रॉसओव्हर, शेवटी मशीन. बंद करताना उलटं, मशीन आधी, नाहीतर धप्प करून आवाज येतो आणि कोनाला दणका बसतो. रात्री दहाला थांबवायचं, ते तर तुला नवरीच्या मामानंच सांगितलं असंल.

आणि केबल कोपराला पीळ देऊन गुंडाळू नको. आतल्या तारा तुटतात, आणि मग पुढच्या हळदीला तू परत इथंच येशील विचारायला.