मदत हवी आहे: आरोग्य सहाय्यिका (एलएचव्ही) प्रशिक्षणाबद्दल

नमस्कार ताई. मी पेठ तालुक्यातल्या उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे, एएनएम (सहाय्यक परिचारिका प्रसाविका) कोर्स आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे. आधी एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) कंत्राटी होते, आता जिल्हा परिषदेत नियमित. पुढे आरोग्य सहाय्यिका व्हायचंय. सहा उपकेंद्रांचं पर्यवेक्षण, बाकी सेविकांच्या लसीकरण सत्रावर जाऊन टॅली शीट (दिलेल्या लसींच्या नोंदीचा तक्ता) नि व्हॅक्सिन कॅरियर (लसी थंड ठेवायचा डबा) तपासणं, हे काम मला मनापासून आवडतं.

त्यासाठी सहा महिन्यांचं पदोन्नती प्रशिक्षण लागतं, एवढं कळलंय. तालुक्याला आणि नाशिकला आस्थापनेत (कर्मचाऱ्यांचं कामकाज बघणाऱ्या विभागात) विचारून झालं, "परिपत्रक आलं की कळवू" यापुढे गाडी जात नाही. ज्येष्ठता यादीत नाव आहे, ते तपासलंय.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) कर असं कृपया सुचवू नका; तीन वर्षं रजा मिळणार नाही आणि घर माझ्याच पगारावर चालतं. मुलगी तीन वर्षांची आहे.

अलीकडे हे प्रशिक्षण केलेल्या कुणी सांगाल का: नाव ज्येष्ठतेनुसार वरूनच जातं की आपण अर्ज करायचा? कंत्राटी सेवा धरतात का? त्या सहा महिन्यांत पगार चालू राहतो का, आणि होस्टेलवर लहान मुलीला सोबत ठेवू देतात का?