होहीच्या पाट्या आणि भाषा मारल्याचा आरोप

सांजवात
काल इथे कोणीतरी ठोकून दिलं की न्यूझीलंडातल्या मिशनरी शाळा पहिल्या दिवसापासून तिथल्या मूळ रहिवाशांची माओरी भाषा मारायलाच निघाल्या होत्या, आणि होहीच्या उत्खननात निघालेले पाटी-पेन्सिलींचे तुकडे हाच पुरावा. रात्रभर डोक्यात तेच. होही म्हणजे तिथलं पहिलं मिशन ठाणं. त्याची शाळा १८१६ ची, ३३ मुलांची. मास्तर केंडलने त्याआधीच, १८१५ मध्ये, माओरीचं पुस्तक सिडनीत छापून घेतलं होतं. मिशन जगत होतं ते शेजारच्या रांगीहोआ गढीच्या माओरी सरदारांच्या आश्रयाने. मुलांना खायला द्यायला उरलं नाही, तशी १८१८ मध्ये शाळा बंद पडली. असा आश्रित कोणाची भाषा मारणार?
तिथल्याच केरीकेरीच्या मिशन हाउसात जमिनीच्या फळ्यांखाली सापडलेली पाटी आठवा. माओरी सरदार होंगी हिकाच्या सोळा वर्षांच्या मुलीने, रोंगोने, तीवर नाव कोरलंय, 'ना रोंगो होंगी'. 'ना' म्हणजे 'हिच्याकडून'. माओरीत!

रानवारा
माओरीत शिकवलं ते बायबल गळी उतरवायला. आणि माओरी मुलांच्या शाळांचा १८६७ चा कायदा विसरलात? त्यानंतरच्या शाळांत माओरी बोललं की छडी. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या शाळेत मराठी शब्द निघाला की गळ्यात पाटी अडकवून वर्गावर्गांतून फिरवायचे. मी सातवीत होतो. धाकटी बहीण दारातून बघत होती.

कणीकोंडा
माझी पणजी नगरला मिशनच्या शाळेत मराठीतूनच शिकली. नाहीतर तिला अक्षर कोण दाखवणार होतं? गावातल्या शाळेने तर ओसरीवरही बसू दिलं नसतं.

रानवारा
तुमची पणजी शिकली म्हणून माझ्या गळ्यातली पाटी खोटी ठरते का?

कणीकोंडा
मी खोटी म्हटलेलं नाही! पण तिचं शिकणं तुम्ही एका ओळीत बायबलच्या खात्यात टाकलंत, ते मला लागलं.

सांजवात
दोघेही थांबा. रानवारा, तुमच्यावर झालं तो अन्यायच. पण तो होहीच्या मातीतून निघालेला नाही. १८६७ चा कायदा सरकारचा, इंग्रजीसाठी केलेला, होहीनंतर पन्नास वर्षांनी. रोंगोने स्वतःच्या हाताने स्वतःच्या भाषेत नाव लिहिलं. तिला नुसती बळी ठरवलंत तर तिची पाटी तुम्हीच पुसताय.

रानवारा
बरं. १८१६ आणि १८६७ मी एका पोत्यात भरले, ती चूक. होहीपुरतं मागे घेतो. छडीबद्दल एक अक्षरही घेणार नाही.