इंजेक्शन, अंतःक्षेपण की संततधार?

छोट्या विमानांच्या इंजिनांतल्या फ्युएल इंजेक्शनचा दोन दिवसांचा वर्ग करून नुकताच दक्षिण कॅरोलायनाहून परतलो. फळा कमी, टेबल जास्त. संध्याकाळी नखं काळी. पुण्याला बाबांना फोनवर सांगायला गेलो आणि पहिल्याच वाक्याला आपटलो. "इंजेक्शन शिकून आलो" म्हटल्यावर ते म्हणाले, "आता कंपाउंडर होतोस का?"

'अंतःक्षेपण' हा पुस्तकी शब्द माहीत आहे. पण तो इथे बसतो का, हाच प्रश्न आहे. समोर इंजिन होतं लायकमिंगचं आयओ-३६०. 'आय' म्हणजे इंजेक्टेड, 'ओ' म्हणजे समोरासमोर आडवे सिलिंडर, आणि ३६० म्हणजे सगळ्या सिलिंडरांचं मिळून घन इंचांतलं आकारमान. मोटारीचा इंजेक्टर नेमक्या क्षणी उघडतो आणि मिटतो. या इंजिनात तसं काही नाही. इंजिन चालू असेपर्यंत चारही नोझलांतून इंधन अखंड वाहत राहतं. इनटेक व्हॉल्व्ह मिटलेला असेल तर त्याच्या पाठीशी साचतं, उघडला की हवेबरोबर आत जातं. याला 'क्षेपण' म्हणायचं?

दुसरी अडचण लीन आणि रिचची, म्हणजे हवेत मिसळलेलं इंधन कमी की जास्त याची. एका पुस्तकात 'समृद्ध मिश्रण' वाचलं आणि डोळ्यासमोर सोन्याचे दागिने आले. तिसरी, चारही नळ्या ज्या डबीतून फुटतात तिला तिथे सगळे स्पायडर म्हणतात. कोळी म्हणावं, तर मुंबईकर टोपली घेऊन हजर.

प्रतिसाद :
लॅटिनमध्ये इंजेक्टचा अर्थ 'आत फेकणे'. अंतः + क्षेपण हे त्याचंच हुबेहूब रूप. आक्षेप, हस्तक्षेप, प्रक्षेपण ही सगळी त्याच क्षिप् धातूची भावंडं. म्हणजे शब्द चुकीचा नाही, फक्त इस्त्रीचा आहे. पण तुम्ही सांगता तो प्रकार ऐकून मला महादेवावरची गळती आठवली. पिंडीवर थेंब पडत राहतो, पुजारी जागा असो की झोपलेला. त्याला आपल्याकडे शब्द आहेच : संततधार.

प्रतिसाद :
आमचं सांगलीकडं डिझेल पंपाचं दुकान आहे. अंतःक्षेपण हा शब्द आज पहिल्यांदाच वाचला. आम्ही 'पंप-नोझल' म्हणतो. नोझल टपकतंय, फवारा बसत नाही, इंजिनानं एअर धरली, एअर काढ. रिच-बिच नाही, काळा धूर आला की 'डिझेल जादा मारतंय'. तुमच्या विमानात नोझल तपासतात कसं, ते सांगा की.

मूळ लेखक :
दादा, तोच भाग सगळ्यात मजेचा होता. नोझल सिलिंडरमधून काढायचे, नळ्यांना तसेच लटकू द्यायचे आणि चार सारख्या बाटल्यांत सोडायचे. मग विजेवरचा पंप चालू. विमानाचं पेट्रोल, १०० एलएल, निळं असतं, त्यामुळे पातळी लांबून दिसते. तीन बाटल्या एका रेषेत आल्या, चौथी बोटभर खाली. त्या नोझलच्या भोकात कचरा होता. भोक जेमतेम ०.७ मिलिमीटरचं. माझा हात सवयीनं तारेकडे गेला आणि मास्तर ओरडले. तार घातली की भोक मोठं होतं आणि नोझल कायमचा बाद. नोझल सफाईच्या द्रावणात भिजवायचा, मग हवा मारायची, बस. बसवताना षटकोनावर कोरलेलं 'ए' अक्षर खाली ठेवायचं, म्हणजे हवेचं छिद्र वर येतं.

प्रतिसाद :
लीनला 'पातळ' म्हणू नका, एवढीच विनंती. आमटी पातळ झाली म्हणजे पाणी जास्त झालं. इथे तर द्रव कमी असतो, नेमकं उलट! भेळवाल्याला विचारा, त्यानं कधीच सोडवलंय : ओली आणि सुकी.

प्रतिसाद :
वा! ओलं मिश्रण, सुकं मिश्रण. भाषा समितीला दहा वर्षं लागली असती.

मूळ लेखक :
ओलं-सुकं उचललं. इंधन कमी-जास्त करायच्या लाल गोळ्याच्या वाक्यात घालूनही पाहिलं : "लाल गोळा बाहेर ओढत मिश्रण सुकं करत गेलं, की एक्झॉस्टचं तापमान आधी चढतं, टोक गाठतं आणि मग उतरतं." कुठे अडखळत नाही. संततधार मात्र फक्त या प्रकाराला ठेवू. मोटारीच्या इंजेक्टरला अंतःक्षेपण राहू दे. कोळ्याचं अजून जमलेलं नाही.

बाबांना गळतीची उपमा सांगितली. त्यांनी लगेच विचारलं, "मग बंद कशी करता?" प्रश्न बरोबर आहे. हे इंजिन चावीनं बंद करत नाहीत. लाल गोळा पूर्ण बाहेर ओढतात, इंधन थांबतं, नळ्यांत उरलेलं जळून पंखा थांबतो. या क्रियेला काय म्हणाल?

प्रतिसाद :
पाटाचं पाणी तोडतो तसं. इंधन तोडलं.