पंखा पुसायला चढले आणि तिथेच बसले (वर्षभराची घरदुरुस्ती, साफसफाई, घोळ: तुमचे अनुभव)

दारामागची
काल पंखे पुसायला घडवंची (उंचावर चढायचं लाकडी स्टूल) बाहेर काढली. माहेरची आहे, मोडीत निघाली होती, मी उचलून आणली. वरच्या फळीवर रंगाचे वाळलेले थेंब आहेत, एकावर एक. खाली फिकट निळा, त्यावर मोतिया, त्यावर पोपटी. फडकं हातात घेऊन वरच बसले. तिन्ही रंग एकाच भिंतीचे.

आमच्या मधल्या खोलीची ती भिंत दर पावसाळ्यात ओली व्हायची. आधी पिवळट नकाशा उमटायचा, मग रंगाला फुगे, फुगा दाबला की कुर्रकन मोडायचा आणि आतून लोण्याची पांढरी भुकटी. (भिंतीचा लोणा हो, ओलीने वर येणारा क्षार, खायचा नाही.) पाऊस संपला की बाबा पत्र्याच्या पातीने सगळं खरवडायचे, लांबी (पुट्टी) भरायचे, नवा रंग द्यायचे. पुढच्या पावसात पुन्हा तोच नकाशा, थोडा मोठा. असं तीन वर्षं.

शेवटी एक गवंडी आले, भिंतीवर नुसता हात फिरवून म्हणाले, आतून किती रंगवाल, पाणी बाहेरून येतंय. भिंतीपलीकडे मागच्या खोलीवर एवढीशी गच्ची होती, खिडकीतून उतरावं लागे, मोठं माणूस तिथे फिरकत नसे. तिथल्या पावसाळी पाइपच्या तोंडात रबरी चेंडू गच्च बसलेला. पाणी घोटाभर साचायचं आणि कठड्याच्या सांध्यातून भिंतीत मुरायचं. चेंडू काढला, सांधा भरला आणि भिंत अख्खा उन्हाळा उघडीनागडी वाळू दिली. मग पांढरा रंग. त्यानंतर ओल नाही.

चेंडू कुणाचा, हे आम्हा तिघा भावंडांपैकी कुणीही आजतागायत कबूल केलेलं नाही.

तर लिहा. पावसाआधीचं, थंडीतलं, उन्हाळ्यातलं, काहीही. घोळ आधी, शहाणपण नंतर.

अर्धाखिळा
दार.
ऐन पावसात बाथरूमचं दार फुगलं, लागेना. सुताराची वाट कोण बघणार, मीच रंधा मारला. इतकं सुरेख लागायला लागलं की दोन दिवस येताजाता उघडझाप करून बघत होतो. उन्हाळ्यात लाकूड आकसलं. आता कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही, फटीतून आतला माणूस बाहेरच्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकतो. सध्या कडीला सुतळी बांधली आहे.
नंतर कळलेलं: पावसात फुगलेल्या दाराच्या कडेला मेणबत्ती घासायची आणि दम धरायचा. रंधा कोरड्या दिवसांत, तोही जपून. आणि दाराची वरची आणि खालची कड कुणीच रंगवत नाही, ओल तिथूनच शिरते.

सुमीची आई
सुतळी 😄 पाहुणे आले की काय करता?

अर्धाखिळा
गाणं म्हणायला सांगतो.

रात्रपाळी
घडवंची! किती वर्षांनी वाचला हा शब्द. आमच्याकडे घोडा म्हणायचे. "घोड्यावर कोण आहे" असं विचारलं की पंख्याची पाळी कुणाची ते कळायचं.
पंख्याला जुना उशीचा अभ्रा. पातं आत घालायचं, बाहेरून दाबून ओढायचं, धूळ आतच राहते. हे सगळ्यांना माहीत असेल.

कोपऱ्यातला
मला नव्हतं माहीत. आत्ताच केलं. अभ्रा नवीन निघाला. घरात वातावरण तंग आहे.

ओटा
हे गमतीचं नाही म्हणून वेगळं लिहिते. मागच्या वर्षी वर्षाअखेरची सफाई, मी एकटी. टॉयलेटला आम्लवालं क्लीनर टाकून ठेवलं होतं, डाग हटेनात म्हणून त्यावरच ब्लीच ओतलं. दार बंद, एक्झॉस्ट बंद. आधी पोहण्याच्या तलावासारखा वास आला, मला वाटलं वा, स्वच्छ झालं. मग डोळे चुरचुरायला लागले, घसा आवळला, खोकला थांबेना. बाहेर येऊन जिन्यात बसले, शेजारच्या काकूंनी खिडक्या उघडल्या. दोन दिवस छाती दुखत होती, डॉक्टरांकडे जावं लागलं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या काचेच्या स्प्रेबरोबरही ब्लीच नाही, तो वायूही घातकच. एका दिवशी एकच काय ते वापरा, आणि आधीचं भरपूर पाण्याने धुऊन टाका.

दारामागची
बाप रे ओटाताई. आता बऱ्या आहात ना?

ओटा
हो गं, बरी आहे. ब्लीचची बाटली मात्र घरातून गेलीच.

सुमीची आई
मग व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करतात ते चालतं का? मी दर महिन्याला सिंकमध्ये ओतते तो प्रयोग

पाना पक्कड
अपाय नाही, पण उपयोगही फारसा नाही. एक आम्ल, एक अल्कली, एकमेकांना मारतात. फेस बघून बरं वाटतं, खाली उरतं जवळजवळ मीठपाणी. नुसता सोडा घासायला छान. नुसतं व्हिनेगर नळावरच्या, शॉवरवरच्या क्षारांना छान. फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने पुसा. संगमरवरावर मात्र थेंबही नको, चकाकी जाते.

कोपऱ्यातला
संगमरवराचं आत्ता सांगताय.

पाना पक्कड
एका दिवसात किती कामं करता हो तुम्ही!

खिडकीवाली
सरकत्या खिडक्या असणाऱ्यांनी उठून आत्ता बघा. खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, खाचेत आलेलं पाणी बाहेर जायला. मला ती बनवणाऱ्याची चूक वाटली. "इथूनच पाणी येतंय" म्हणत मी स्वतः, सिलिकॉनची नळी आणून, अत्यंत सफाईने सगळी बुजवली. पहिल्याच मोठ्या पावसात खाच भरून आत धबधबा. गादी, पडदा, मुलाचं प्रोजेक्ट. मग काडेपेटीच्या काड्या, जुना टूथब्रश आणि अश्रू. आता दर पावसाळ्याआधी खाचेतली माती ब्रशने काढते, पेलाभर पाणी ओतून बाहेर पडतंय का बघते.
गादीचं म्हणाल तर एकदोन दिवसांत वाळली नाही की बुरशी धरते. आम्ही चार दिवस "वाळेल" म्हणत बसलो. टाकावी लागली.

उंबरठा
प्रोजेक्ट कशाचं होतं?

खिडकीवाली
जलसंधारण.

बर्फाळ
आम्ही बर्फ पडतो तिथे राहतो, इकडचे घोळ वेगळे. पहिल्या हिवाळ्यात बागेतल्या नळाला पाइप तसाच लावून ठेवला. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलो होतो, पण ते माझ्या नळालाही लागू आहे हे सुचलं नाही. गोठलेलं असताना सगळं शांत. थंडी ओसरल्यावर भिंतीच्या आतून झरा. आता थंडीआधी आतला कॉक बंद, बाहेरचा नळ उघडा ठेवून रिकामा, पाइप गुंडाळून आत.

जिन्याखालचा
मी वर्षभर काहीच करत नाही आणि घर उभं आहे. एकच काम करतो: महिन्याच्या एक तारखेला ईएलसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबतो. दाबल्यावर खटकन घरातली वीज जायला हवी. मागच्या थंडीत दाबलं तर काहीच नाही, दिवे मजेत चालू. इलेक्ट्रिशियन म्हणाला आतून मेलंय, कधी मेलं देव जाणे. तोवर आम्ही गीझर, वॉशिंग मशीन सगळं त्याच्या भरवशावर वापरत होतो. नवीन बसवलं. बाकी जाळ्यांना मी हात लावत नाही, कोळ्यांनाही घर हवं.

उंबरठा
टाकी धुता का कुणी? आम्ही वर्षातून दोनदा. पण खरी गोष्ट कुंड्यांच्या ताटल्यांची. आमच्याकडे दोघांना डेंग्यू झाल्यावर तपासायला आलेल्या बाईंनी दाखवलं. मी म्हटलं पाणी तर ओतून देतो आम्ही. त्यांनी ताटलीच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं, काळे बारीक ठिपके. डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी चढलं की फुटतात. म्हणजे नुसतं ओतून भागत नाही, काथ्याने घासायचं. आठवड्यातून एकदा, कारण अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात.

रात्रपाळी
एसी रात्री तीन वाजता बरोबर कपाळावर ठिबकायला लागला. नवऱ्याला उठवलं तर म्हणे पावसाळा आहे, ठिबकणारच. अहो, घरात?? पाणी जायच्या नळीत शेवाळासारखा बुळबुळीत गोळा निघाला. फिल्टर मी धुते, नळीकडे कुणी बघितलंच नव्हतं.

माळा
मोबाइलवरून लिहितोय, चुका असतील.
आई गेली त्या थंडीत माळा आवरायला काढला. तिची पद्धत म्हणजे प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. "जुन्या पंख्याचे". "खिडकीचे, मोठे". एका डब्यावर लिहिलं होतं, "कशाचे आहेत माहीत नाही. टाकू नये." उघडला तर स्क्रू, नट, एक किल्ली, बटण. बाकी माळा रिकामा केला. तो डबा परत वर ठेवला. गेल्या महिन्यात कपाटाची बिजागरी सुटली, त्यातलाच स्क्रू बसला.

ओटा
माळा, मस्त लिहिलंय दादा.

सुमीची आई
किल्ली कशाची?

माळा
तेच तर. सगळी कुलपं लावून बघितली.

पाना पक्कड
एक राहिलं, ओलीबद्दल. भिंत हाताला कोरडी लागली म्हणजे आतून वाळली असं नाही. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवा, एकदोन दिवसांनी काढा. प्लॅस्टिकच्या आतून दव दिसलं किंवा खालची भिंत गडद झाली असेल तर रंगाचा डबा उघडू नका. दारामागच्या ताईंच्या बाबांनी हे केलं असतं तर घडवंची एवढी रंगीत झाली नसती.

उंबरठा
मग हा धागाही नसता.

मधला
तायडे, बायकोने धागा दाखवला म्हणून आलोय. चेंडू माझा. कबूल. पण तो पडला नव्हता, बसवला होता, टाचेने दाबून. गच्चीवर पाणी साचलं की होड्या सोडता येतील म्हणून. आणि ही युक्ती कुणाची होती तेही लिही की वर. मी सात वर्षांचा होतो, तू अकरा.

दारामागची
वरचं संपादित करता येतं का आता?

अर्धाखिळा
नाही. आम्ही वाचलं.

कोपऱ्यातला
अभ्रा कशाने धुवू, ते सांगा कुणीतरी. ब्लीच नको म्हणालात.