मदत हवी आहे : मृगाच्या किड्याचा फोटो मोबाइलवर नीट कसा काढावा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. पहिला पाऊस झाला की वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) मृगाचे किडे, म्हणजे ते लाल मखमली बारके किडे, निघतात. माझी लहान पुतणी तिथं पालथी पडून त्यांच्याशी बोलत बसते. तिला दिसतं तेच मला फोटोत हवंय : मखमली अंगावरचे बारीक केस, आठ पाय, आणि बोट लागताच पाय आखडून गप्प पडणं. मोबाइलमध्ये मात्र नुसता लाल ठिपका येतो. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) कमी केलं तर लाल रंग सुधारतो, पण काळी माती पार बुडते. मोबाइलला चिमट्यानं लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स (जवळची बारीक वस्तू मोठी दाखवणारी) घ्यावी का? दहापट की पंधरापट? फार जवळ गेलं की मोबाइलचीच सावली पडते, त्याला काय करता? किडा पकडून डबीत ठेवायचा नाही, हे पक्कं. हे किडे थोडेच दिवस दिसतात, तेव्हा लवकर सांगा.