पाककृती वाढल्या, करून पाहणारे कुठे गेले?

जाळीदार (धागाकर्ती):

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या घरगुती स्वयंपाकाच्या व्हॉट्सॲप गटावर एका नव्या सदस्येने विचारले, "माझे अनारसे तुपात हसले, आता काय करू?" तळणीत सोडताच अनारसा पसरून विरघळू लागला, की तो हसला असे म्हणतात, अर्थात त्या वेळी घरात दुसरे कोणीच हसत नसते. संध्याकाळपर्यंत तिला चाळीसहून अधिक उत्तरे मिळाली. कोणी म्हणाले गूळ जास्त झाला, कोणी म्हणाले कमी पडला, कोणी तुपाला दोष दिला आणि दोघींनी तयार पीठ कुठे मिळते ते कळवले. तांदूळ किती दिवस भिजवले, पाणी रोज बदलले का, दळण्यापूर्वी तांदूळ किती सुकवले आणि गूळ घालून मळलेले पीठ किती दिवस मुरवले, यांपैकी एकही गोष्ट कोणी विचारली नाही.

गटाची मर्यादा २५६ सदस्यांची होती, त्या काळात हाच प्रश्न आला होता. तेव्हा तिघींनीच उत्तर दिले, पण पहिलीने आधी हे सगळे विचारून घेतले, मग थोड्या पिठात तांदळाची पिठी मिसळून एकच अनारसा तळून पाहायला सांगितले, आणि विचारणारीने दुसऱ्या दिवशी जाळी पडल्याचे कळवले. २०२२मध्ये व्हॉट्सॲपने मर्यादा आधी ५१२ आणि नंतर १,०२४ केली, तशी आपणही भरती केली. आता रोज नवी पाककृती येते, तिच्याखाली 'मस्त' आणि 'तोंडाला पाणी सुटले' असे शेरे येतात, पण "मी केली, आणि माझ्याकडे अशी झाली" हे वाक्य महिन्यात एखाद्या वेळीच दिसते. दुसऱ्या घरात शिजून आल्याशिवाय पाककृती पुरी झाली असे मी मानत नाही, म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की पुढच्या दिवाळीपर्यंत नवे सदस्य घेऊ नयेत, आणि ज्याला नवी पाककृती द्यायची असेल त्याने आधी इतरांच्या दोन पाककृती करून त्यांचा अनुभव लिहावा.

तापीकाठ:

या प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि विरोधाचे कारण अनारशांतच आहे. आपल्या जुन्या तिघींनी अचूक उत्तर दिले, कारण प्रश्न त्यांच्याच स्वयंपाकघरातला होता. मी गटात आले तेव्हा ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीचा उल्लेख केला, तर "कळणा म्हणजे काय?" याखेरीज कोणाकडेही बोलायला काही नव्हते. त्या लहान, नेटक्या, एकमेकींना ओळखणाऱ्या वर्तुळात 'मराठी स्वयंपाक' म्हणजे गोडा मसाला, आमटी, अळूचे फदफदे आणि उकडीचे मोदक एवढाच होता. मराठवाड्याचा येसर, वऱ्हाडचे रोडगे, विदर्भातला वडाभात आणि वसईच्या ईस्ट इंडियन (मराठी बोलणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती) घरांतला बाटली मसाला, हे सगळे आपल्याला गट वाढल्यानंतरच भेटले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५मध्ये आले, तोवर मराठवाड्यातील दलित घरांतला स्वयंपाक पाककृतींच्या छापील पुस्तकांत जवळपास नव्हताच, हे लक्षात घेतले तर दार बंद करण्याची किंमत कोण मोजणार तेही लक्षात येईल.

दोन पाककृती करून पाहण्याची अट वरकरणी सर्वांना सारखीच आहे, पण गटावरच्या दहापैकी आठ पाककृती जिच्या घरच्या नाहीत, तिला आपले तोंड उघडण्यापूर्वी तुमचे पदार्थ करून दाखवावे लागतील. तुम्हाला मात्र आमचे करावे लागणार नाहीत.

पोह्याचा चमचा:

मला भरतीपेक्षा मापाची काळजी अधिक वाटते. लहान गटात 'एक वाटी' लिहिले तरी चालत असे, कारण ती कोणाची वाटी हे अंदाजाने कळत होते. आमच्या घरातल्याच दोन वाट्यांपैकी एकीत साधारण १५० मिलिलिटर पाणी मावते आणि आजीच्या वाटीत १२०च्या आसपास, आणि अमेरिकेतील आमच्या वहिनी ज्या कपाला वाटी समजतात तो सुमारे २४० मिलिलिटरचा आहे. सगळेच जिन्नस वाटीने मोजले तर प्रमाण टिकते आणि कोणतीही वाटी चालते. गडबड होते ती "दोन वाट्या भाजणी, २०० ग्रॅम लोणी, एक चमचा मीठ" अशी तिरपागडी मापे लिहिल्यावर, कारण मग भाजणी वहिनींच्या कपाने मोजली जाते, लोणी मात्र तेवढेच राहते, मोहन कमी पडून चकली दगडासारखी होते आणि दोष भाजणीला मिळतो. चमचा चहाचा की पोह्याचा, हा प्रश्न तर मी इतक्या वेळा विचारला आहे की शेवटी तेच नाव घेतले. जाळीदार ताईंची अट मला मान्य नाही, पण ज्या पाककृतीत मापे एका पद्धतीची नाहीत ती परत पाठवावी, एवढे तरी करावे.

फोडणी:

मी लोकलमध्ये पाककृती वाचते आणि रात्री आठवेल तशी करते. त्यावर अनुभव लिहायला बसले तर भात करपेल. वाचणाऱ्यांना तुम्ही बिनकामाचे समजू नये, एवढेच म्हणणे आहे.

उगवतीचा शेजार (तोक्यो):

येथे याच प्रश्नाचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण पाहायला मिळते, म्हणून लिहितो. जपानमध्ये अकी सानो यांनी १९९७मध्ये स्थापन केलेल्या कूकपॅड या संकेतस्थळावर घरी स्वयंपाक करणारेच पाककृती लिहितात, आणि आज तेथील जपानी पाककृतींची संख्या तीस लाखांच्या वर आहे. तिथे 'त्सुकुरेपो' नावाची सोय आहे. त्याचा अर्थ 'करून पाहिल्याचा वृत्तांत', म्हणजे पाककृती केलेल्या माणसाने छायाचित्र आणि दोन ओळी मूळ लिहिणाऱ्याला पाठवायच्या. माझी पत्नी आजही पाककृती निवडताना आधी त्सुकुरेपोंचा आकडा पाहते. तीस लाखांच्या गर्दीतही करून पाहणारे टिकले, ते कोणी सक्ती केली म्हणून नव्हे, तर वृत्तांत पाठवणे सोपे होते आणि लिहिणाऱ्याला त्याचा आनंद होत असे. म्हणून जाळीदार यांचे निदान मला पटते, औषध पटत नाही.

मात्र तापीकाठ यांनीही याची दुसरी बाजू पाहावी. पाककृती इतक्या वाढल्या, की त्यांतली चांगली शोधणे हीच विकण्याजोगी वस्तू झाली. लोकप्रियतेच्या क्रमाने यादी पाहण्यासाठी तिथे पैसे मोजावे लागू लागले. पुढे २०१६च्या सुमारास कुराशिरू आणि डेलिश किचन यांच्यासारख्या, व्यावसायिकांनी तयार केलेल्या छोट्या चित्रफिती देणाऱ्या सेवा आल्या आणि अनेक जण तिकडे वळले, कारण तिथे निवडण्याचे कष्ट कमी होते. वाढीने विविधता येते हे खरे, पण ती चाळून देणारे कोणी नसेल तर माणसे कंटाळून एखाद्या ठरावीक चवीकडेच परततात, आणि कळण्याची भाकरी पुन्हा तळाशी जाते.

जाळीदार:

भरती थांबवण्याचा मुद्दा मी मागे घेते. तापीकाठ ताई, अटीचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. फोडणी यांचा भात करपू नये अशीच माझीही इच्छा आहे. आक्षेप वाचण्याला नाही, न करता दिलेल्या सल्ल्याला आहे. त्या नव्या सदस्येने आठवडाभर राखलेले पीठ शेवटी फेकून दिले, आणि त्या चाळीस उत्तरांपैकी निम्मी तरी अनारसे कधीच न केलेल्यांची होती, असा माझा कयास आहे. तेव्हा अट बदलून एवढीच ठेवू: बिघडलेल्या पदार्थावर सल्ला देणाऱ्याने तो पदार्थ स्वतः किती वेळा केला आहे, हे आधी लिहावे. आणि सुरुवात माझ्यापासून व्हावी म्हणून विचारते, कळण्याच्या भाकरीची कृती मापासह द्याल का?

तापीकाठ:

देते, आणि मी ती शेकडो वेळा केली आहे, हेही अटीप्रमाणे लिहिते. ज्वारी चार भाग आणि सालासकट अख्खे काळे उडीद एक भाग, वजनाने. गिरणीत देतानाच त्यात बेताने खडे मीठ घालायचे. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, त्यामुळे ज्वारीच्या भाकरीसारखे गरम पाणी लागत नाही. आमच्याकडे भाकरी हातावरच थापतात. तुम्ही पहिल्यांदा परातीत थापा. सोबत भाजलेल्या हिरव्या वांग्याचे भरीत, नाहीतर नुसता ठेचा आणि कच्चे तेल. उडीद सोललेले घेऊ नका. पुण्यातल्या एका मैत्रिणीने तसे केले आणि भाकरी पांढरी, रबरासारखी झाली. तुमची कशी होते ते रविवारी कळवा.